परिचारिकेची झोप हाही रुग्णाच्या उपचाराचाच भाग



१२ मे हा आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन. १८२० साली याच दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म झाला. या विषयावरच्या मुलांच्या निबंधात एक वाक्य हमखास सापडतं: 'परिचारिका तहानभूक विसरून सेवा करते.' ऐकायला छान वाटतं. पण ती खरंच तहानभूक विसरली, तर रुग्णाचं काय होतं? आज आपण तेच पाहू.

काम किती बारकाईचं?

औषध देताना परिचारिकेला दरवेळी पाच गोष्टी तपासाव्या लागतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग (तोंडाने की इंजेक्शनने) आणि योग्य वेळ. ०.५ ऐवजी ५ मिलिग्रॅम वाचलं गेलं, तर मात्रा थेट दहापट होते. सलग रात्रपाळ्या झाल्या असतील, पोटात काही नसेल, तर असा एक ठिपका नजरेतून सुटू शकतो. तिची माया कमी पडलेली नसते, मेंदू थकलेला असतो.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९३ परिचारिकांनी आपल्या कामाच्या तासांची आणि चुकांची नोंद ठेवली. पाळी साडेबारा तास किंवा त्याहून लांबली, की चूक होण्याची शक्यता तिप्पट झालेली दिसली. २०१८ मध्ये तिथल्याच १,७९० परिचारिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांची तब्येत बरी नव्हती, त्यांच्याकडून चुकाही जास्त नोंदल्या गेल्या. तब्येतीमुळेच चुका झाल्या, असं यावरून सिद्ध होत नाही. पण दोन्हींचा संबंध दिसतो.

कोणत्या सवयी महत्त्वाच्या?

१. हात धुणे : साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. दिवसभरात वारंवार हात धुवावेत, हे नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकातच सांगून ठेवलं होतं.
२. झोप : रात्रपाळीनंतर अंधाऱ्या, शांत खोलीत सलग झोप.
३. जेवण आणि पाणी : कामाच्या गडबडीतही वेळेवर.
४. लसीकरण : विशेषतः हिपॅटायटिस बी ची लस, कारण सुई टोचण्याचा धोका रोजचाच.

हे तिच्या एकटीच्या हातात नाही

वॉर्डात माणसंच कमी असतील, तर जेवायला उठणार कसं? म्हणून पाळ्या नीट लावणं आणि विश्रांतीचा वेळ देणं ही रुग्णालयाची जबाबदारी. आणि घराची? रात्रपाळी करून आलेली आई किंवा सून दुपारी झोपली, की "दिवसाढवळ्या झोपते" असा टोमणा अजूनही ऐकू येतो. पालकहो, तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करणं आणि दुपारचा स्वयंपाक दुसऱ्या कुणी करणं, हीसुद्धा रुग्णसेवाच.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

मुलांना वहीत २४ तासांचं घड्याळ काढायला सांगा. रात्री ८ ते सकाळी ८ ड्युटी, येण्याजाण्याचे दोन तास, घरकामाचे चार तास असे रंगवायला लावा. उरतात सहा तास. त्यातच आंघोळ, जेवण, मुलांचा अभ्यास आणि झोप बसवायची! कोणतं काम घरातले इतर जण करू शकतील, हे मुलांनाच ठरवू द्या.

मग निबंधातलं ते 'तहानभूक विसरून' वाक्य त्यांना पुन्हा एकदा, आपल्या शब्दांत लिहायला सांगा.