गाडी 'मिसिंग' का मारते? एका वेळी एकच बदल

सिग्नलला उभी गाडी थरथरते, चढाला ओढत नाही, तेव्हा मेकॅनिक म्हणतो, "मिसिंग मारतेय." म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये.

स्कॅनर लावला की कोड येतो. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. पण कोड जागा सांगतो, कारण नाही. इथेच बरेच जण कॉइल, प्लग सगळंच बदलून टाकतात. गाडी सुधारते, पण बिघाड कशात होता ते कळतच नाही. बिल मात्र मोठं!

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर सोपं आहे. इंजिन बंद करून गार होऊ द्या. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी सुरू करा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल. तरी कोड हलला नाही, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासणं मेकॅनिकवर सोडा.

(चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका. न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो.)

वर्गात फळ्यावर चार चौकोन काढा आणि मुलांना विचारा, "कॉइल आणि प्लग एकदमच हलवले असते तर?"