मांजराला गजकर्ण झालं तर?



ज्या घरात धान्य, त्या घरात उंदीर. आणि उंदीर आहेत तिथं मांजर हवंच. पण त्याच मांजराच्या अंगावरचे केस झडू लागले, की घरातली मोठी माणसं म्हणतात, "पोत्यात घाला आणि ओढ्यापलीकडं सोडून या." तसं करण्याआधी हा पाठ वाचा, घरीही वाचून दाखवा.

रोग कशानं होतो?
पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर बुरशी येते, ती सर्वांनी पाहिली आहे. बुरशीच्या काही जाती कातडीवर वाढतात. केस, नखे आणि कातडीचा वरचा थर यांत केराटिन नावाचे द्रव्य असते. तेच या बुरशीचे अन्न. मांजराला बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे गजकर्ण होते. हे नाव 1902 साली बोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. गंमत अशी, की 'कॅनिस' म्हणजे 'कुत्र्याचा', पण ही बुरशी जास्त करून सापडते मांजरावरच!

कसे ओळखावे?
तोंड, कान आणि पुढचे पाय यांवर गोल चट्टे पडतात. तिथले केस तुटतात, कोंडा दिसतो. लहान पिल्लांना हा रोग लवकर होतो. काही मांजरांवर चट्टा दिसतच नाही, तरी केसांत रोग असतो. उलट खरजेनं आणि पिसवांनीही केस जातात. म्हणून नुसतं बघून ठरवू नये. गुरांच्या दवाखान्यात दाखवावे. डॉक्टर केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. वूडच्या दिव्याच्या जांभळट उजेडात रोगी केस पोपटी चमकतात. पण दर वेळी चमकतीलच असं नाही.

माणसाला होते का?
होय. मांजर कुशीत घेऊन झोपणाऱ्या मुलांना तर लवकर होते. अंगावर लाल, खाजरे कडे उठते. डोक्यात झाले तर तिथले केस जातात. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. दुकानातून मनानं मलम आणू नये. काही मलमांत स्टेरॉइड असते. त्यानं खाज थांबते, आपल्याला वाटतं बरं झालं, पण आत बुरशी पसरत राहते.

मांजर सोडून दिले तर रोग जाईल का?
नाही! मांजर गेलं तरी त्याचे गळलेले केस गोधडीत राहतात. त्या केसांवर बुरशीचे बीजाणू असतात. हे बीजाणू म्हणजे तिचे जणू बारीक बीच. ते वर्षभरही जिवंत राहू शकतात. सोडलेलं मांजर दुसऱ्याच्या घरात शिरतं आणि रोग तिकडं नेतं. मागे राहिलेली पिल्लं उपाशी मरतात. म्हणजे रोग राहिला आणि मांजर मात्र गेलं!

मग काय करावे?
1. डॉक्टरांनी दिलेले औषध पूर्ण करावे. त्याला काही आठवडे लागतात. चट्टा बुजला म्हणून मध्येच थांबू नये.
2. बरे होईपर्यंत मांजराला वेगळ्या जागी ठेवावे. अंथरुणात घेऊ नये.
3. गोधड्या, पोती साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. गळलेले केस ओल्या फडक्याने टिपावेत.
4. मांजराला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.
5. रॉकेल, गाडीचे काळे तेल किंवा फिनेल मांजराला कधीही लावू नये. मांजर अंग चाटून साफ करते. ते विष त्याच्या पोटात जाते. फिनेलसारखे विष तर मांजराच्या शरीराला पचवताच येत नाही, ते मरते.

पालकांना विनंती : गजकर्ण औषधाने बरे होते. मुलांच्या हातून मांजर सोडायला पाठवू नका, दवाखान्यात पाठवा. सोबत आपणही जा.

सांगा पाहू!
1. गजकर्णाच्या बुरशीचे अन्न कोणते?
2. मांजर घालवले तरी रोग घरात का राहतो?
3. मांजराला फिनेल का लावू नये?