संगणकावरील खेळ : एका सत्राचे नियोजन

(द्वितीय वर्ष, कला)

संगणकावरचा खेळ हा विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीने कशाला हाताळावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मलाही तो पडला होता. यंदा ऐच्छिक विषय म्हणून मी आज्ञावली-लेखन घेतले. चौघांच्या गटाने सत्राअखेर एक खेळ करून दाखवायचा, अशी अट होती. हाताशी आठवडे होते चौदा. त्यांत आम्ही काय योजले आणि कुठे चुकलो, हे पुढील वर्षी हा विषय घेणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी लिहीत आहे.

आमचा पहिला बेत भव्य होता. पाच किल्ले, घोडदळ, तोफा, धुक्यात हरवलेले घाट! कथा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी बारा पाने लिहिली आणि मनोमन खूशही झाले. सरांनी ती शांतपणे वाचली आणि एवढेच विचारले, "कथा चांगली आहे. पण खेळणारा पहिल्या मिनिटाला नेमके काय करील?" आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

मग सरांनी दोन जुनी उदाहरणे सांगितली. १९७२ साली अटारी कंपनीत नव्याने आलेल्या ॲलन अल्कॉर्न या अभियंत्याला सरावासाठी म्हणून एक काम देण्यात आले : दोन फळ्या आणि एक चेंडू. त्यातूनच 'पाँग' हा खेळ जन्मला. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' रचला, तेव्हा त्यांच्या संगणकावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. पडणारे ठोकळे त्यांनी कंसाच्या चिन्हांनी दाखवले. तात्पर्य, खेळ नियमांत असतो. चित्रे मागाहून येतात.

त्या दिवशी आम्ही कागदाचे तीन रकाने केले : 'हवेच', 'असल्यास बरे' आणि 'पुढच्या खेपेस'. 'हवेच'मध्ये शेवटी एवढेच उरले : एक जासूद, एक पहारेकरी, किल्ल्याचे एक आवार. पहारेकऱ्याच्या नजरेस न पडता, उजाडण्यापूर्वी जासुदाने दरवाजा गाठायचा. माझे चार किल्ले तिसऱ्या रकान्यात गेले.

पहिले दोन आठवडे आम्ही संगणकाला हातच लावला नाही. चौकटींच्या कागदावर सोळा बाय बाराचे आवार आखले. चिंचोका झाला जासूद आणि शर्टाचे बटण झाले पहारेकरी. खेळता खेळता लक्षात आले की, जासूद कोपऱ्यात दडून राहिला तर तो कधीच हरत नाही. मग मजा ती कसली? म्हणून साठ चालींची मर्यादा घातली. हीच उणीव आज्ञावली लिहून झाल्यावर कळती, तर आठवडा वाया जाता. कागदावर ती खोडरबराने निभावली.

पुढचे वेळापत्रक असे होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडद्यावर एक साधा चौकोन बाणांच्या कळांनी हलावा आणि भिंतीशी थांबावा. पाचव्या-सहाव्यात पहारेकरी, हार आणि जीत; म्हणजे खेळ कुरूप असला तरी आरंभापासून शेवटापर्यंत पूर्ण. सातव्यात चाचणी परीक्षा आणि आठव्यात गणपती, म्हणून ते दोन्ही कोरे सोडले. नवव्यात बाहेरच्यांनी खेळून पाहायचे, दहाव्या-अकराव्यात दुरुस्ती, बाराव्यात चित्रे व आवाज. तेराव्यात नवीन काहीही घालायचे नाही, केवळ चुका शोधायच्या. चौदाव्यात सादरीकरण. दर शनिवारी दिनांक घालून एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवायची, हा नियम आम्ही अखेरपर्यंत पाळला.

यातील नववा आठवडा सर्वांत मोलाचा ठरला. वसतिगृहातील मैत्रिणींना आम्ही खेळायला बसवले आणि स्वतः गप्प राहायचे ठरवले. गप्प राहणे फार कठीण! तिघींपैकी दोघींना दरवाजा हा दरवाजा वाटलाच नाही. "अगं, ही तर भिंत दिसते!" एक जण म्हणाली. दोष तिचा नव्हता, आमच्या रेखाटनाचा होता. १९८२ साली 'ई. टी.' या चित्रपटावरचा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना अवघ्या पाच आठवड्यांत पुरा करावा लागला होता. खेळणारे त्यातील खड्ड्यांत पुन्हा पुन्हा पडून वैतागत. घाईत पहिला बळी जातो तो परक्या डोळ्यांनी तपासण्याचा वेळ.

तेराव्या आठवड्यात खरा धक्का बसला. मित्राच्या लॅपटॉपवर सुरळीत चालणारा खेळ प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर जिंकताच येईना. पडद्यावरचे चित्र दर खेपेस नव्याने काढले जाते आणि आमचा जासूद प्रत्येक चित्रागणिक दोन ठिपके सरके. लॅपटॉप सेकंदाला ६० चित्रे काढी, म्हणजे वेग १२० ठिपके. जुना संगणक काढी २५, म्हणजे वेग अवघा ५०. दरवाजापर्यंतची वाट १,८०० ठिपक्यांची. पहिल्यावर ती १५ सेकंदांत सरे, दुसऱ्यावर ३६ लागत. आणि आमची रात्र तर ३० सेकंदांतच संपे! उपाय सोपा होता : मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते मोजायचे आणि वेगाला त्याने गुणायचे. ही दुरुस्ती दोन दिवसांत झाली, कारण तो आठवडा आम्ही मोकळा ठेवला होता. तेव्हा चित्रांच्या सजावटीत गुंतलो असतो, तर सादरीकरणाच्या दिवशी सर्वांसमोर हरलो असतो.

आता माझ्या बारा पानांविषयी. ती वगळली गेली, तेव्हा मी दोन दिवस गटाकडे फिरकले नाही, हे कबूल करते. आपले लिखाण कुणाला नको आहे, ही भावना बोचत होती. पण चौथ्या आठवड्यात मित्र म्हणाला, "अगं, जासूद धावतोय खरा, पण कशासाठी, ते तूच सांग." मी जासुदाच्या हातातील पत्र लिहिले. अवघ्या पाच ओळींचे. सादरीकरणाच्या दिवशी खेळ जिंकल्यावर ते पडद्यावर उलगडले, तेव्हा मागच्या बाकावरून कुणी तरी ते मोठ्याने वाचले. बारा पाने त्या वर्गात कुणी वाचली असती, असे मला वाटत नाही.

तेव्हा मित्रहो, नियोजन म्हणजे नुसते तारखांचे कोष्टक नव्हे. काय करायचे नाही, हे वेळीच आणि एकमेकांना न दुखावता ठरवणे, हा त्यातील अवघड भाग. आमचा 'पुढच्या खेपेस'चा रकाना अजून भरलेला आहे. चार किल्ले त्यात वाट पाहत आहेत. कुणाला हवे असल्यास खुशाल घ्यावेत. मात्र आधी चिंचोका आणि बटण घेऊन बसावे.