गुन्हेगार कारागृहात गेल्यावर पीडितांचे हक्क

अंबड तालुक्यातील एका गावी जुमुआच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी येऊन बसला. त्याच्या मेहुण्याचा खून झाला होता. खुन्याला शिक्षा होऊन तो कारागृहात गेला होता आणि विधवा बहीण दोन लेकरांसह माहेरी परतली होती. तरुणाने हलक्या आवाजात विचारले, ‘‘मौलाना, लोक म्हणतात, खटला संपला, आता मागण्यासारखे काही उरले नाही. शिवाय सरकारकडून पैसे घेणे म्हणजे रक्ताचे मोल घेणे. हे खरे आहे का?’’

या प्रश्नात दोन गैरसमज आहेत. आधी दुसऱ्याचा विचार करू.

शरीयतच्या दृष्टीने जुलूम करणारा अल्लाहचाही अपराधी असतो आणि त्या माणसाचाही. माणसांच्या या हक्कांना ‘हुकूकुल इबाद’ म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना खरा दिवाळखोर कोण, हे समजावून सांगितले होते. कियामतच्या दिवशी जो नमाज, रोजा व जकात घेऊन येईल, पण ज्याने कुणाचे रक्त सांडले, कुणाचा माल हडपला, त्याची पुण्ये पीडितांना वाटून दिली जातील, तो खरा दिवाळखोर. म्हणजे अपराध्याच्या इबादतीनेसुद्धा पीडिताचे देणे फिटत नाही. मग केवळ कारावासाने ते कसे फिटेल?

सूरह अन्‌-निसामध्ये (४:९२) चुकून झालेल्या हत्येतही मृताच्या वारसांना दियत, म्हणजे भरपाई, देण्याचा आदेश आहे. हदीसमधील एक प्रसंग तर आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. अब्दुल्लाह इब्ने सहल (रजि.) खैबर येथे मृतावस्थेत आढळले. मारेकरी कोण, हे सिद्ध होऊ शकले नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) मृताच्या नातेवाइकांना स्वतः शंभर उंट दिले. त्या घराचे रक्त वाया जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. अपराधी सापडो वा न सापडो, पीडित कुटुंबाला आधार देणे ही शासनकर्त्याची जबाबदारी ठरते. म्हणून न्यायालयाने किंवा शासनाने कायद्यानुसार दिलेली भरपाई घेण्यात कोणताही कमीपणा नाही. ते अनाथांचे अन्न व शिक्षण आहे.

आता पहिला गैरसमज. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मृताचे वारसही ‘पीडित’ मानले गेले आहेत. कलम ३९५ नुसार न्यायालय दोषी व्यक्तीस भरपाई देण्याचा आदेश देऊ शकते. महाराष्ट्रातील अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले, की भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. भरपाई अपुरी वाटल्यास कलम ४१३ नुसार पीडिताला अपील करता येते. कलम ३९६ खाली राज्याची भरपाई योजना आहे. गुन्हेगार सापडला नाही तरीही विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. जालना येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

शिक्षेत सूट देण्याचा प्रश्न आला, तरी पीडिताला न्यायालयाचे दार बंद नसते. बिल्किस बानो प्रकरणाचा खटला मुंबईत चालला आणि २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप झाली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात शासनाने त्यांना मुदतपूर्व मुक्त केले. पीडितेने त्याविरुद्ध दाद मागितली. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला असल्याने तो अधिकार गुजरातचा नव्हताच, असे ठरवले. दोषींना पुन्हा कारागृहात जावे लागले.

येथे क्षमेविषयीही बोलले पाहिजे. क्षमा अल्लाहला प्रिय आहे; पण सूरह अल्‌-बकरामध्ये (२:१७८) ती वारसाच्या हाती दिली आहे, शेजाऱ्यांच्या किंवा जमातीच्या पंचांच्या हाती नव्हे. विधवेच्या दारी जाऊन ‘सोडून दे, सवाब मिळेल’ असा तगादा लावणे ही क्षमा नव्हे, तो दुसरा जुलूम आहे. शिवाय मनातून क्षमा करणे वेगळे आणि खटला मिटवणे वेगळे. खुनासारखा गुन्हा आपल्या देशाच्या कायद्यात आपसांत मिटवता येत नाही. सूड घेण्याचा अधिकारही कुणास नाही. वारसाने मर्यादा ओलांडू नये, असे सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३३) बजावले आहे.

मी त्या तरुणाला एवढेच सांगितले, ‘‘निकालाची प्रत, एफआयआर, मृत्यूचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले घेऊन बहिणीसोबत जालन्याला जा. उशीर करू नका.’’ जमातीचे कर्तव्य याहून थोडे अधिक आहे. ज्या भगिनीला अर्ज लिहिता येत नाही, तिचा अर्ज लिहून द्यावा. जिच्याकडे प्रवासखर्च नाही, तिला तो द्यावा. आणि तारखेच्या दिवशी तिला एकटे पाठवू नये.

अल्लाह आपणा सर्वांना पीडितांच्या पाठीशी उभे राहण्याची तौफिक देवो. आमीन.