प्रार्थना आणि पहारा



30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना वेगळी सांगायला नको. गणेश विसर्जन करून माणसे नुकती झोपली होती. चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील (त्यावेळचा उस्मानाबाद) सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशी कितीतरी गावे काही क्षणांत दगडमातीचा ढिगारा झाली. हजारो माणसे गेली.

देवाने रक्षण का केले नाही, असा प्रश्न तेव्हा अनेकांच्या ओठी होता. काहींनी लगेच उत्तरही दिले: पापाचे फळ! पण शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक पापी होते हा तर्क प्रभू येशूने साफ नाकारला (लूक 13). ख्रिस्ती माणसाने तो तर्क पुन्हा उचलू नये.

मग देवाचे रक्षण म्हणजे काय? यासाठी आपण नहेम्याचा ग्रंथ उघडू या. यरुशलेमची तटबंदी पडली आहे, हे कळल्यावर तो रडला, उपवास केला, प्रार्थना केली. राजाने काय हवे असे विचारले, तेव्हाही त्याने आधी मनातल्या मनात देवाला हाक मारली. आणि लगेच मागितले काय? परवानापत्रे आणि लाकूड! यरुशलेमला पोहोचल्यावर रात्री थोडी माणसे घेऊन पडझड स्वतः पाहिली, मगच लोकांशी बोलला. शत्रूंनी हल्ल्याची धमकी दिली तेव्हा लोकांनी प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. देव राखील असे म्हणून कोणी झोपी गेले नाही आणि पहारा आहे म्हणून कोणी प्रार्थना सोडली नाही. 127 व्या स्तोत्रातही परमेश्वरावाचून पहारेकऱ्याचे जागणे व्यर्थ म्हटले आहे. पहारेकऱ्याला घरी जा असे सांगितलेले नाही.

तिसरा अध्याय नावांच्या यादीमुळे आपण भराभर ओलांडतो. पण तिथे सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, एक अधिकारी तर आपल्या मुलींना घेऊन कामाला लागला आहे. अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. आपल्याकडेही असेच घडले. 52 गावे नव्या जागी वसवली गेली, पण त्यापलीकडे पावणेदोन लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मालकांनी स्वतः उभे राहून करून घेतले. गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या आणि माहिती घरोघरी पोहोचवू लागल्या. जाड भिंतीतल्या दगडांना एकमेकांत बांधणारा दगडच नव्हता, माळवदावर मातीचा मोठा भार होता, हे लोकांना कळले. म्हणून भिंतीत आरपार दुवे घातले, वर काँक्रीटचा पट्टा दिला, छतावरची माती कमी केली. आज वाढीव खोली काढताना गवंड्याकडे त्या पट्ट्याची मागणी करणे, हाही आपला पहाराच आहे.

(यरुशलेमचा तट 52 दिवसांत पुरा झाला आणि आपली गावेही 52. हा निव्वळ योगायोग, त्यातून अर्थ काढीत बसू नये.)

आमच्या मते या ग्रंथाचा गाभा पाचव्या अध्यायात आहे. बाहेरचा शत्रू थोपवला गेला, पण आत गरिबांची शेते, मळे, घरे गहाण पडली होती, त्यांची मुले गुलाम होत होती आणि सावकार त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने सभा बोलावून व्याज थांबवले, शेते परत करायला लावली. स्वतःचा सुभेदारीचा भत्ताही घेतला नाही. भूकंपानंतरच्या नव्या गावांत भूमिहीनाला 250 चौरस फुटांचे घर मिळाले, तर सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला 750 चौरस फुटांचे. प्रत्येकाला काही तरी मिळाले, ही मोठीच गोष्ट. तरीही माणसे सर्वांचीच गेली होती. हे माप नहेम्याला पटले असते का?

आणि तट पुरा झाल्यावरही काम संपले नाही. शहर विस्तीर्ण, पण माणसे थोडी. अखेर चिठ्ठ्या टाकून दहांतल्या एकाला तिथे राहायला आणावे लागले.

या आठवड्याच्या कौटुंबिक प्रार्थनेत पाचवा अध्याय वाचावा. आपल्या वस्तीत आज कोणाचे शेत वा दागिना गहाण आहे, आणि कोणाकडे, यावर घरात मोकळेपणाने बोलावे.