समुद्रकांठची तेलगळती व सरकारचें उत्तरदायित्व

दोन जहाजांची टक्कर होऊन समुद्रांत तेल सांडलें म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न सर्वांच्या तोंडीं येतो. त्याचा निर्णय चौकशीअंतीं होतो, आणि नुकसानीची रक्कम जहाजाच्या मालकाकडून व विमेवाल्यांकडून वसूल करतां येते. परंतु तेल सांडल्यानंतर पुढें काय केलें गेलें, हा प्रश्न निराळा आहे, व त्याचें उत्तर सरकारनें द्यावयाचें असतें. या दोन प्रश्नांची पुष्कळदां गल्लत होते. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही केवळ दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहों.

प्रथम तेलाचा स्वभाव पाहूं. तें पाण्याहून हलकें असल्यामुळें पृष्ठभागावर पातळ थराच्या रूपानें झपाट्यानें पसरतें. जहाजाच्या यंत्रांत जाळावयाचें जड तेल असेल, तर लाटांच्या घुसळणीनें त्यांत पाणी मिसळून दाट, चिकट लगदा होतो व त्याचें आकारमान मूळच्या कित्येक पट वाढतें. हा लगदा खडकांच्या फटींत किंवा तिवरांच्या मुळांत शिरला म्हणजे सहसा निघत नाहीं. यास्तव तेल पाण्यावर असतांनाच तरंगत्या कुंपणानें अडवून यंत्रानें ओढून घेणें हा उत्तम उपाय होय. त्यासाठीं मिळणारा अवधि तासांतच मोजावा लागतो. आणि संकट आल्यावर साहित्य शोधूं लागणाऱ्या सरकारास उशीर आधींच झालेला असतो.

सन १९६७ च्या मार्च महिन्यांत ‘टॉरी कॅनियन’ हें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाजवळील ‘सेव्हन स्टोन्स’ नांवाच्या खडकांवर आदळलें. त्यांत सुमारें १,२०,००० टन कच्चें तेल होतें. एवढ्या मोठ्या गळतीसाठीं ब्रिटिश सरकारपाशीं योजना तयार नव्हती. विमानांतून बाँब टाकून तेल पेटविण्याचा प्रयत्न झाला, आणि सुमारें १०,००० टन रसायनें समुद्रावर व किनाऱ्यावर ओतण्यांत आलीं. पुढें शास्त्रज्ञांनीं पाहणी केली तेव्हां असें आढळलें कीं, खडकांवरील जीव तेलापेक्षां त्या रसायनांनींच अधिक मेले, आणि जेथें रसायनें पडलीं नव्हतीं ते किनारे लवकर सांवरले. सरकार स्वस्थ बसलें होतें, असें कोणी म्हणणार नाहीं; पण धांवपळ निराळी आणि सिद्धता निराळी, हा धडा त्यांतून मिळाला.

आपल्या देशांत १९९६ पासून यासाठीं राष्ट्रीय योजना आहे. समुद्रावरील तेलगळतीच्या निवारणाचें सूत्रचालन भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. बंदराच्या हद्दींत पहिलें काम बंदराच्या अधिकाऱ्यांचें. आणि तेल किनाऱ्यास लागल्यास तेथील सफाई त्या त्या राज्यसरकारकडे. कागदावर ही वांटणी चोख आहे. परंतु तेलास हद्द कळत नाहीं. आज बंदराजवळ असलेलें तेल उद्यां खुल्या समुद्रांत व परवां कोळीवाड्याच्या वाळूंत असूं शकतें. जबाबदारी एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांनाच खालीं पडण्याचें भय असतें.

याचा प्रत्यय चेन्नईच्या उत्तरेस एण्णोर येथें आला. २८ जानेवारी २०१७ रोजीं पहाटें कामराजर बंदराबाहेर, गॅस उतरवून निघालेलें ‘बीडब्ल्यू मेपल’ व आंत येणारें तेलवाहू ‘डॉन कांचीपुरम्’ या जहाजांची टक्कर झाली. पर्यावरणास कांहीं बाधा पोंचली नाहीं, असें प्रारंभीं बंदराकडून सांगण्यांत आलें. पुढें गळती कबूल झाली, पण आंकडा लहान सांगितला गेला. आणि मागाहून तो वाढत गेला. इकडे काळा लगदा एर्णावूरच्या दगडी बांधांपाशीं येऊन सांचला होता. ओढून घेणारीं यंत्रें त्या दाट लगद्यापुढें पुरीं पडेनात, तेव्हां कोळी, मजूर व महाविद्यालयांतील विद्यार्थी बादल्यांनीं तो उपसूं लागले. अशा रीतीनें शंभराहून कितीतरी अधिक टन गाळ काढण्यांत आला. चांगल्या मासळीसहि गिऱ्हाईक शिवेना. ज्यांनीं तेलाचा थेंबहि सांडला नव्हता, त्यांच्याच चुली थंडावल्या.

त्या बादल्या उपसणाऱ्या तरुणांचें कौतुक करावें तेवढें थोडें. परंतु प्रजेच्या परोपकाराची रक्कम सरकारच्या जमेस धरतां येत नाहीं, हें आम्हांस येथें आवर्जून सांगावयाचें आहे. डिसेंबर २०२३ मध्यें चक्रीवादळाच्या पुरांत त्याच एण्णोरच्या खाडींत पुन्हां तेल आलें. या खेपेस तें मणली येथील कारखान्यांच्या बाजूनें वाहत आलें होतें. आणि पुन्हां कोळ्यांच्या हातांत मग व बादल्या दिसल्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास आपण होऊन त्यांत लक्ष घालावें लागलें.

मग उत्तरदायित्व मोजावें कशानें? आमच्या मतें त्याच्या तीन कसोट्या आहेत. पहिली सत्याची. गळती किती हें ठाऊक नसेल तर तसें सांगावें. ‘कांहीं झालें नाहीं’ असें सांगूं नये. कारण जेवढा आंकडा लहान, तेवढीं माणसें व यंत्रें थोडीं धाडलीं जातात, आणि अमूल्य तास निघून जातात. दुसरी सिद्धतेची. तरंगतीं कुंपणें, यंत्रें, मजुरांचे हातमोजे कोठें ठेवले आहेत, किनाऱ्यावर शेवटचा हुकूम कोणाचा, सराव केव्हां झाला, हें आधींच ठरलेलें असावें. तिसरी हिशेबाची. किती तेल सांडलें, किती निघालें, खर्च काय झाला व भरपाई कोळ्यांच्या हातीं पडली कीं नाहीं, हें सर्व प्रसिद्ध व्हावें.

हा विषय महाराष्ट्रास परका नाहीं. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया ३’ यांची टक्कर होऊन सुमारें ८०० टन तेल सांडलें, मालाच्या शेंकडों पेट्या समुद्रांत पडल्या, बंदराची वाहतूक कांहीं दिवस थांबली आणि रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यापर्यंत तेल पोंचून तिवरें काळीं पडलीं.

सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९६ मधील एका निकालांत असें सांगितलें आहे कीं, समुद्रकिनारा, वाहतें पाणी, वनें इत्यादि सृष्टिसंपत्तीचें राज्य हें विश्वस्त आहे. शुभवर्तमानांतील कारभाऱ्याचा दृष्टान्त ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हें तत्त्व नवें वाटणार नाहीं. मालमत्ता धन्याची, कारभारी ती राखणारा, आणि हिशेबाचा दिवस कोणास चुकत नाहीं. लोकशाहींत हा हिशेब मागण्याचें काम प्रजेचें आहे, आणि तें करण्यांत सरकारविषयीं द्वेष नसून कर्तव्यच आहे.

विद्यार्थीमित्रहो, २००५ च्या कायद्यानें सरकारी माहिती मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. तुम्ही वयांत आलां म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या आपत्तिनिवारणाच्या योजनेंत तेलगळतीविषयीं काय लिहिलें आहे आणि तिचा शेवटचा सराव कोणत्या दिवशीं झाला, एवढें अवश्य विचारा. तेल किनाऱ्यास लागण्यापूर्वीं विचारलेला प्रश्न कोळ्याच्या अधिक उपयोगी पडतो.