मोठा कार्ब्युरेटर म्हणजे मोठी ताकद? जरा गणित करून पाहू



आपल्या इंदुरात जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींची हौस पुन्हा वाढली आहे. काकांची किंवा आजोबांची यामाहा आरएक्स १०० अंगणातून बाहेर काढायची, रंग करायचा आणि मग गॅरेजवर जाऊन विचारायचे, "हिचा पिकअप कसा वाढेल?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "मोठा कार्ब्युरेटर टाक, गाडी उडेल." अकरावी-बारावीची मुले हे ऐकून खिसा रिकामा करतात. म्हणून या वेळी पाठ्यपुस्तकातलेच भौतिकशास्त्र घेऊन या सल्ल्याची परीक्षा करू.

कार्ब्युरेटरचे काम साधे आहे. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते. गळा अरुंद म्हणून तिथे हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब कमी होतो. हे तत्त्व बर्नुली यांनी १७३८ साली मांडले आणि वेंचुरी यांनी १७९७ मध्ये अरुंद नळीत ते दाखवून दिले. दाब कमी झाला की खालच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाते आणि फवारा होऊन हवेत मिसळते. म्हणजे पेट्रोल ओढणारा कोणी पंप नाही. हवेचा वेग हाच पंप.

आता गणित. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. इंजिन ९८ घन सेंटिमीटरचे, कमाल ताकद ७५०० आर.पी.एम.ला, कार्ब्युरेटर २० मिलिमीटरचा. गळा गोल धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मिलिमीटर. २४ मिमीचा लावला तर ४५२ आणि २८ मिमीचा लावला तर ६१६. व्यास चारच मिलिमीटर वाढला, पण क्षेत्रफळ ४४ टक्के वाढले, कारण ते व्यासाच्या वर्गावर चालते.

इंजिन तेच, आर.पी.एम. तेच, म्हणजे ओढलेली हवाही जवळपास तेवढीच. मग २४ मिमीच्या गळ्यात हवेचा वेग ६९ टक्क्यांवर येतो. ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती ४८ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याहून खाली येते. २८ मिमीमध्ये तर ती जेमतेम पाव राहते. म्हणूनच अशी गाडी सिग्नलवर बंद पडते, रेस दिली की आचका देते आणि शहरातल्या वेगात आधीपेक्षा मंद चालते. मोठ्या गळ्याचा फायदा फक्त अगदी वरच्या आर.पी.एम.ला, आणि तोही इंजिनाचे पोर्ट व सायलेन्सर जादा हवा पेलू शकत असतील तरच.

मग योग्य माप कसे काढायचे? जुन्या ट्यूनिंगवाल्यांचे एक सूत्र आहे. एका सिलिंडरची क्षमता लिटरमध्ये घ्या. कमाल ताकदीच्या आर.पी.एम.ने गुणा. वर्गमूळ काढा. त्याला ०.६५ ते ०.९ यांमधल्या एका अंकाने गुणा. उत्तर मिलिमीटरमध्ये मिळते. आरएक्स १०० साठी ०.०९८ गुणिले ७५०० म्हणजे ७३५; वर्गमूळ २७.१. म्हणून मर्यादा झाली १७.६ ते २४.४ मिमी. रस्त्यावरच्या गाडीने खालच्या अर्ध्यात राहावे, वरचे टोक शर्यतीच्या गाडीसाठी. कंपनीचा २० मिमी नेमका कुठे बसतो ते पाहा.

मग हा २८ चा आकडा कुठून आला? जपानी यामाहा आरडी ३५० ला २८ मिमीचे दोन कार्ब्युरेटर होते, प्रत्येक सिलिंडरला एक. पण तिचा एकेक सिलिंडर सुमारे १७४ घन सेंटिमीटरचा. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घातला तर तो रुबाबदार दिसत नाही, पायात अडखळतो.

माप ठरले की येते ट्यूनिंग. त्याआधी एअर फिल्टर साफ, प्लग नवा, सायलेन्सरमधला कार्बन काढलेला आणि रबरी जोडांतून हवा चोरून शिरत नाही, एवढे पाहून घ्यावे. मग क्रम असा. पूर्ण रेसवर मेन जेट काम करतो, तो आधी ठरवावा. मधल्या रेसवर निडल काम करते. तिची क्लिप एक खाच खाली लावली की निडल वर उठते आणि पेट्रोल वाढते. स्लो आणि अगदी थोड्या रेसवर पायलट जेट व एअर स्क्रू. तो शेवटी, इंजिन गरम असताना लावावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा, जसे आपण प्रयोगशाळेत करतो. शिवाय दोन वेगळ्या कंपन्यांच्या जेटवरचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

निकाल प्लग सांगतो. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काळा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर पेट्रोल कमी. पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणाला मेकॅनिक 'लीन' म्हणतात आणि टू-स्ट्रोकमध्ये खरा धोका हाच. इंजिन तापते, पिस्टन फुगून सिलिंडरला धरून बसतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक एकदम जाम होते. म्हणून सुरुवात नेहमी मोठ्या जेटने करावी आणि एकेक पायरी खाली यावे. पेट्रोल थोडे जास्त गेले तर धूर होतो. कमी गेले तर जिवावर बेतते.

यात एक नवी गोष्ट मिसळली आहे, अक्षरशः. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, आणि या मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी लीन होते. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर हे सांभाळतो. कार्ब्युरेटरला सेन्सर नाही, तिथे तुमचेच डोके हवे. म्हणून जुन्या गाडीचा प्लग आता पुन्हा तपासा. इथेनॉलने जुने रबर खराब होते, तेही बदला.

उंचीचे याच्या उलट. खारदुंग ला सुमारे ५३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. हवा विरळ, म्हणून तोच जेट तिथे पेट्रोल जास्त देतो. आम्ही हिंदीतून शिकलो तेव्हा याला 'घनत्व' म्हणत असू, तुम्ही 'घनता' म्हणा. इंजिनाला दोन्ही भाषा कळतात.

पालकांना एक विनंती. गिअरच्या मोटरसायकलचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तोवर मुलाला गाडी खोलू द्या, कार्ब्युरेटर साफ करू द्या, हात काळे होऊ द्या. चावी मात्र तुमच्याकडे ठेवा.

स्वाध्याय
१. आरडी ३५० च्या एका सिलिंडरसाठी (१७४ घन सेंटिमीटर, ७५०० आर.पी.एम.) वरच्या सूत्राने किमान व कमाल व्यास काढा. २८ मिमी त्यात बसतो का?
२. २० मिमीऐवजी २२ मिमीचा कार्ब्युरेटर लावला, तर त्याच आर.पी.एम.ला ओढ किती टक्के उरेल?
३. लडाखला जाताना जेट मोठा लावाल की लहान? परत येताना तो बदलायचा राहिला तर काय होईल? कारणासह लिहा.

उत्तरे वहीत लिहून भौतिकशास्त्राच्या तासाला दाखवावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गॅरेजवाल्या दादांनाही जरूर विचारा आणि आपल्या उत्तराशी ताडून पाहा.